मंडळ जिंकावं म्हणून अल ऐनला तडीपार

दुबईला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी विचारतात, "ती उंच इमारत बघितलीस का?" बघितली. लांबून, डिलिव्हरी व्हॅनच्या काचेतून, मांडीवर दुधी भोपळ्यांचं खोकं घेऊन. मॉल बघितला का? एक बघितला, पण त्यात मी फक्त पायमोजे घेतले. ते का घ्यावे लागले, ते पुढे येईल. वाळवंटातली सफर, बोटीतलं जेवण, सोन्याचा बाजार यातलं मी काही केलं नाही. पंधरा दिवसांपैकी आठ दिवस मी आरोपी होतो आणि एक दिवस तडीपार. राहिलेल्या दिवसांत घाम पुसला.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. यापुढे इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधल्या एका क्लबचा विषय सारखा निघणार आहे, पण त्याचं नाव मी लिहिणार नाही. मी कोल्हापूरचा, कोर्टाशेजारी माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि आमच्याकडे फुटबॉलमध्ये चुकीच्या टीमचं नाव घेतल्यामुळे ठरलेल्या सोयरिकी मोडल्या आहेत. दुबईतली आपली माणसं त्या क्लबला 'मंडळ' म्हणतात. मीही मंडळच म्हणेन.

डिस्कव्हरी गार्डन्स, गुरुवार

माझी धाकटी बहीण सुमन डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात मेस चालवतात. आजूबाजूच्या कारखान्यांतल्या मराठी कामगारांना दोन वेळचं जेवण पुरवायचं काम. दहा वर्षं "एकदा येऊन जा" म्हणत होते. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, म्हणजे आमच्या दुकानालाही सुट्टी. निघालो.

विमानतळावर माझ्या बॅगेतून दोन किलो कांदा-लसूण मसाला निघाला. सुमननं एकच किलो सांगितला होता, पण भावाच्या मायेला माप नसतं. तिथल्या अधिकाऱ्यानं पिशवी उघडून नाकाशी धरली. मी हिंदीत "सर, नाक से दूर" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. तो सलग पाच वेळा शिंकला, डोळे पुसले आणि मला हातानंच झटकून म्हणाला, "यल्ला, यल्ला!" परदेशी सरकारनं माझ्याशी केलेला हा पहिला संवाद.

घरी पोचल्यावर भाची सई दारात आली. वय अकरा.

"काय गं, ओळखलंस का मामाला?"

"ऑफ कोर्स. यू लुक लाइक द व्हिडिओ कॉल, बट शॉर्टर."

मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार पहिल्या मिनिटात झाला आणि शेवटपर्यंत टिकला. दुसरा करार सुमननं केला. मी बिस्किटाचा पुडा उचलून "पाच दिरहम, म्हणजे शंभराच्या वर..." असं सुरू केल्यावर तिनं पुडा काढून घेतला. "दादा, मनात करायचा हिशोब. मोठ्यानं केलास तर इथं पाणीसुद्धा प्यायला धजायचा नाहीस."

रात्री जेवताना दाजींनी विचारलं, "मेव्हणे, फुटबॉल बघता का अजून?"

आता खरं सांगतो. मी पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून आयुष्यात एकच मॅच खेळलो, गोलकीपर म्हणून. सात गोल झाले. त्यातला एक मी स्वतः पायानं ढकलून आत घातला; चेंडू कुणाचा याबद्दल मनात थोडा घोटाळा होता. पण दुबईला येताना हा इतिहास मी बॅगेत घातला नव्हता.

"बघतो म्हणजे काय दाजी, रक्तातच आहे," मी म्हणालो. पुढचं सगळं या वाक्यामुळं झालं.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, शुक्रवार

दाजींची मेस म्हणजे एका गोडाऊनच्या पोटात बसवलेलं स्वयंपाकघर आणि त्याला जोडून एक लांबलचक हॉल. हॉलमध्ये स्टीलची टेबलं, भिंतीवर भला मोठा टीव्ही, टीव्हीवर झेंडूची प्लास्टिकची माळ. जेवायला चाळीसेक माणसं. बहुतेक भुदरगड, राधानगरी, चंदगडकडची, काही कोकणातली. कुणी वेल्डर, कुणी फोर्कलिफ्टवर, कुणी ॲल्युमिनियमच्या खिडक्या जोडणारं.

स्वयंपाकघराचे मालक नावाला दाजी. खरे मालक तात्या. अठ्ठावन्न वर्षांचे, किडकिडीत, मिशा पांढऱ्या. सकाळी भट्टीसमोर, दुपारी व्हॅनच्या स्टिअरिंगवर. चोवीस वर्षं दुबईत काढली होती आणि आता खलास. व्हिसा रद्द व्हायला घातलेला, पुढच्याच्या पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारचं परतीचं तिकीट. कायमचं.

"काय तात्या, खूश ना? घरी चाललाय!"

"खूश हाय की," तात्या कांदा चिरता चिरता म्हणाले. "फकस्त त्येच्या आदी मंडळाचा निकाल लागाय पायजे. गावाकडं गेलो आन् मग लागला तर सांगणार कुणाला? आमच्यात टीव्हीवर सासू-सुना लागत्यात. बायकूला म्हटलं मंडळ जिकलं, तर ती इचारणार, कुठलं? गणपतीचं?"

मंडळाचा इतिहास मला एका वेल्डरनं जेवताना सांगितला. वीसेक वर्षांपूर्वी साइटवर एक इंग्रज इंजिनिअर होता. जाताना त्यानं आपल्या गावच्या क्लबचे जुने शर्ट खोकंभर वाटले. उन्हात घालायला फुकट मिळाले म्हणून सगळ्यांनी घातले. मग कुणीतरी विचारलं, हे आहेत तरी कुणाचे? तिथून टीव्हीवर शोधाशोध सुरू झाली. शर्ट विरले, त्यांची फडकी झाली, फडक्यांनी हॉल पुसून झाला, निष्ठा राहिली. आणि निष्ठा ठेवावी असं त्या क्लबात काहीही नव्हतं. जन्मापासून त्यानं लीग कधी जिंकलेली नाही. गेल्या मोसमात तर खालच्या डिव्हिजनमध्ये घसरता घसरता वाचलेला.

आणि तो क्लब या मोसमात लीगमध्ये सगळ्यात वर होता! दोन मॅच राहिलेल्या. एक जिंकली की काम फत्ते. इंग्लंडमधले पंडित याला इतिहास म्हणत होते. मेसमध्ये मात्र कुणी मोठ्यानं काहीच म्हणत नव्हतं. जागरण-गोंधळाच्या आधी घरात जशी एक दबलेली गडबड असते, तशी होती.

मी संध्याकाळभर चाळीस माणसांना ऑफसाइडचा नियम समजावून सांगितला. त्यांनी तो आदरानं ऐकून घेतला. पाहुणा होतो.

तेच ठिकाण, शनिवार

मॅच संध्याकाळी सहाला. दुपारी दाजी पिठाच्या ऑर्डरसाठी शारजाला गेलेले, तात्या व्हिसाच्या कागदपत्रांसाठी टायपिंग सेंटरला. मेसमध्ये मी आणि भांडी घासणारा एक नेपाळी. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावर बघतो तर दुधी भोपळे. एक-दोन नव्हे, ढीग. सोलून, फोडी करून, भिजत ठेवलेले.

इतिहास घडायचा दिवस, कोल्हापूरकडची चाळीस माणसं, आणि त्यांच्या ताटात दुधी! आमच्याकडे मॅचच्या दिवशी तांबडा रस्सा नसेल तर रेफरीसुद्धा शिट्टी फुंकत नाही. मला वाटलं, बिचाऱ्या दाजींचा धंदा अडचणीत दिसतोय, बोलत नाहीत. दोन किलो मसाला काय उगाच आणला होता? हा दैवी संकेत होता.

फ्रीझरमध्ये मटण होतं. नेपाळ्याला म्हणालो, "तात्याने बोला है." त्यानं माझ्याकडे, मग दुधीकडे, मग परत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पक्का?" मी म्हणालो, "एकदम पक्का." दुधी उचलून मी कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवला, आणि तीन तास असा राबलो की दुकानात कधी राबलो नसेन.

तात्या परत आले तेव्हा ताटं वाढून झाली होती. माणसं ड्यूटीवरून आली, वास घेतला, आणि कुणी काही बोलायच्या आतच तुटून पडली. वाट्या चाटल्या. एका फोर्कलिफ्टवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं की गावाचं, ते मी विचारलं नाही. मला धन्य वाटत होतं. तात्या दारात उभे राहून पातेल्याकडे बघत होते. चेहऱ्याचा रंग पातेल्यातल्या रश्श्याच्या बरोबर उलट.

"दुधी कुठाय?" ते हळूच म्हणाले.

हॉलमध्ये चमचे थांबले. वेल्डरनं हातातल्या हाडाकडे असं बघितलं की जणू ते त्याचंच आहे.

"आरं... दुधी कुठाय?" मागून दुसरा.

मग मला ते समजलं, जे मला शुक्रवारीच सांगायला हवं होतं. पण मी ऑफसाइडवर बोलत असल्यामुळं कुणाला संधी मिळाली नव्हती. मोसमाच्या पहिल्या मॅचला बाजारात दुसरी भाजीच नव्हती म्हणून तात्यांनी दुधी केला, आणि मंडळ जिंकलं. दुसऱ्या मॅचला चिकन केलं, हरलं. तिसऱ्याला मुद्दाम दुधी, जिंकलं. तेव्हापासून ऑगस्ट ते मे, मंडळाची प्रत्येक मॅच दुधीवर. भुदरगड तालुक्यातल्या माणसांनी, ज्यांनी आईच्या हातचासुद्धा दुधी कधी खाल्ला नव्हता, ती भाजी नऊ महिने मुकाट गिळली होती. मीठ जास्त नको, फोडणी जास्त नको, पहिल्या दिवशी होता तसाच बेचव. काही बदल नको.

मंडळ त्या संध्याकाळी तीन गोलनी हरलं.

प्रत्येक गोलला चाळीस माना टीव्हीवरून माझ्याकडे वळत. तिसऱ्या गोलनंतर वळल्याच नाहीत. मान वळवायचीही कुणाला इच्छा नव्हती. जाताना वेल्डर माझ्याजवळ थांबला.

"पाव्हणं, रस्सा लई भारी झाल्ता," तो म्हणाला. "आसा रस्सा मी जल्मात खाल्ला न्हाई. पर ह्ये तुमी काय केलंसा?"

सोमवार ते शनिवार: खटला

आता गणित असं झालं. शेवटची मॅच रविवारी संध्याकाळी सातला. जिंकली तर मंडळ अजिंक्य. बरोबरी झाली तरी गेलं, कारण मागची टीम एका गुणावर येऊन बसली होती आणि तिची शेवटची मॅच तळाच्या टीमशी होती. आणि तात्यांचं विमान त्यानंतर दोन दिवसांनी.

माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी मेसमध्ये आलो की बोलणं बंद व्हायचं आणि सगळे अतिशय आदरानं उठून मला जागा द्यायचे. मी बसलो की त्या टेबलावरचे दुसऱ्या टेबलावर जायचे. सुमन म्हणाली, "दादा, सगळ्या दुबईत तुला करायला एवढंच मिळालं?" सई म्हणाली, "मामा, यू आर लाइक, फेमस. इन अ बॅड वे." तिच्या शाळेच्या बसपर्यंत बातमी गेली होती.

बुधवारी मी प्रायश्चित्त म्हणून व्हॅनमधून दुधीची खोकी आणायला गेलो. उंच इमारत बघितली ती तेव्हा. एक खोकं हातातून निसटून पायावर पडलं, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, चप्पल घालवेना, म्हणून मॉलमध्ये जाऊन जाड पायमोजे घेतले. दुधीनं माझ्यावर सूड उगवला असं माझं प्रामाणिक मत आहे.

शुक्रवारी जेवणानंतर पंचायत बसली. वेल्डर अध्यक्ष. निकाल दाजींनी मला घरी येऊन, चहाचा कप फिरवत फिरवत सांगितला.

"मेव्हणे, असं आहे... रविवारी तुम्ही मेसमध्ये नको. राग नाही कुणाचा. पण नको."

"घरी बसतो ना इथं."

"घरीही नको म्हणतात. घरी टीव्ही आहे. तुमचा काही भरवसा नाही, असं ते म्हणतात. मी नाही म्हणत." दाजींनी कप खाली ठेवला. "अल ऐनला एक कुटुंब आहे, सांगलीकडचं. त्यांची पुरणपोळीची ऑर्डर आहे. तुम्ही व्हॅनमधून जा, ओएसिस बघा, छान आहे. मॅच संपली की या. फोन इथंच ठेवून जायचा."

आमच्याकडे निवडणुकीच्या आधी गुंडांना जिल्ह्याबाहेर घालवतात. झेरॉक्सच्या दुकानात अशा नोटिशींच्या मी हजारो प्रती काढल्या आहेत. स्वतःच्या नावाची पहिलीच.

"आणि गाडी कोण चालवणार?"

"तात्या."

मला वाटलं, चुकून ऐकलं. "तात्या? मंडळाची शेवटची मॅच, आणि तात्या माझ्याबरोबर?"

"ते स्वतःच म्हणाले," दाजी म्हणाले. "मलाही कळलं नाही."

अल ऐन, रविवार

तात्यांनी सकाळीच दुधी शिजवून, पातेलं झाकून, झाकणावर चिकटपट्टी लावून ठेवली. पट्टीवर पेननं लिहिलं: 'पाव्हण्यांनी हात लावू नये.' मग आम्ही निघालो.

अल ऐनच्या रस्त्यावर वाळूचा रंग हळूहळू तांबडा होत जातो. मी "बघा, आपल्या पन्हाळ्याच्या मातीसारखी!" म्हटलं, तात्यांनी गिअर बदलला. गावात शिरलं की चौकाचौकात गोल फेरे. एवढे की तिसऱ्या फेऱ्यानंतर आपण पुढं जातोय की मागं, ते सांगता येत नाही. दुबईची घाई इथं नाही. घरं बुटकी, रस्ते रुंद, झाडं पाणी दिलेली.

पुरणपोळ्या पोचवल्या. त्या घरच्या वहिनींनी आम्हाला बसवून घेतलं, पन्हं दिलं आणि विचारलं, "मॅच बघायला थांबताय ना?" त्यांचे यजमान आतून टीव्हीचा रिमोट शोधत येत होते. तात्या ग्लास अर्धा ठेवून उठले.

मग ओएसिस. खजुरांचं एवढं दाट रान की बेचाळीस डिग्रीत आत शिरल्यावर मानेवर कुणी ओला पंचा ठेवल्यासारखं वाटलं. खजूर अजून हिरवे, बोराएवढे. मातीच्या भिंतींमधून पायवाट, आणि पायवाटेच्या कडेनं पाण्याचे छोटे पाट. डोंगरातून जमिनीखालून आणलेलं हे पाणी, प्रत्येक बागेला ठरलेल्या वेळेपुरतं मिळतं. एक म्हातारा पाकिस्तानी माळी पायानंच चिखलाचा बांध सारून एका बागेचं पाणी दुसरीकडं वळवत होता.

तात्या पहिल्यांदा खुलले. "ही आमचीच पाणीपाळी की! रात्री दोनला उठून मी आसंच पाण्याचं दार धरलंय. फकस्त हितं कोन कुऱ्हाड घिऊन अंगावर येत न्हाई."

मी पाट ओलांडायला गेलो, नवीन पायमोजे, त्यात सँडल. सरळ पाटात बसलो. पाणी ढोपरभरच होतं, पण मी बसलो होतो. म्हातारा माळी हसला नाही. त्यानं पाण्याकडं बघितलं आणि तात्यांना विचारलं, "ये कब उठेगा? उधर पानी नहीं जा रहा."

तात्यांनी हात देऊन ओढलं. मग आम्ही भिंतीच्या कडेला बसलो, मी पिळत, ते बिडी नसलेल्या बोटांनी बिडी ओढत. सूर्य मावळला, मगरीबची अजान झाली. मॅच सुरू झाली असणार.

"तात्या," मी म्हणालो, "मी तडीपार, ठीक आहे. तुम्ही कशाला आलात?"

त्यांनी पायाजवळ पडलेला एक हिरवा खजूर उचलून पाटात सोडला.

"मी बगत न्हाई," ते म्हणाले.

"काय?"

"म्याच. मी कदीच बगत न्हाई. आदी बगायचो. मी बगितली की मंडळ हरायचं. एकदा न्हाई, दोनदा न्हाई, सारकं. पोरांच्या ध्यानात आलं. म्हनाली, तात्या, तुमी जरा आत बसा. आत बसलो, त्या दिवशी जिकली. मग तेच पडलं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "सतरा-अठरा वरसं झाली. पोरं हॉलात बगत्यात, मी आत भट्टीकडं तोंड करून आयकतो. वरडायच्या आवाजावरनं कळतंय, कॉर्नर का फाऊल. ह्या मोसमात तर एक म्याच दिसू दिली न्हाई मी डोळ्याला. त्यात दुधीचं नुसतं नाव झालं. ह्ये दुधीचं कुनाला सांगू नगा."

पिळून झालेला पायमोजा मी परत पिळायला घेतला.

"चाळीस मानसांत ज्याला त्याला काम हाय," तात्या म्हणाले. "कुनी जुना शर्ट घालतंय, कुनी डावीकडंच बसतंय. माजं काम न बगायचं. आज भट्टीम्होरं बसलो आसतो, पर दार उगडंच आसतंय. शेवटची म्याच. मन फिरलं आसतं. म्हनून म्हटलं, लांबच जावं."

अंधार पडला. माझी पँट ओली, दोघांच्या घशाला कोरड. गाडीकडे जाताना कोपऱ्यावर एका मल्याळ्याची कॅफेटेरिया दिसली, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या. चहा तरी घेऊ म्हणून वळलो. आणि आत, भिंतीवर, टीव्ही. आणि टीव्हीवर, हिरवंगार मैदान.

तात्यांनी डोळ्यांवर हात घेतला. आंधळ्यासारखे चाचपडत ते काउंटरपर्यंत गेले. "भाई, वो बंद करो. या दुसरा कुछ लगाओ."

मल्याळी हात जोडून म्हणाला, "भाईजान, बंद करेगा तो ये लोग मेरेको बंद करेगा."

दुसरीकडे जायला निघालो. शेजारचं इराणी बेकरीवाल्याचं दुकान: टीव्ही. पलीकडचं सलून: टीव्ही, आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आरशाऐवजी टीव्हीकडं तोंड करून. सगळ्या अल ऐनला त्या संध्याकाळी दुसरं काम नव्हतं. त्या छोट्या क्लबासाठी सगळं जग वेडं झालं होतं. वीस वर्षं जे चाळीस माणसांचं खाजगी दुखणं होतं, ते आता सगळ्यांचं झालं होतं.

शेवटी आम्ही त्याच कॅफेटेरियात, टीव्हीकडे पाठ करून दोन खुर्च्या मांडल्या. समोर पंधरा-वीस माणसं: एक ढेरपोट्या इजिप्शियन न्हावी, दोन पठाण ट्रक-ड्रायव्हर, एक सुदानी मास्तर, बाकी मल्याळी. ते आमच्या डोक्यावरून टीव्ही बघत होते आणि आम्ही त्यांना बघत होतो.

मी आजवर पाहिलेली सगळ्यात चांगली मॅच ती. चेंडू उजवीकडे गेला की वीस जोड्या डोळे उजवीकडे. न्हाव्याचं तोंड उघडलं की शॉट. पठाणानं मांडीवर थाप मारली की बाहेर. आणि तात्या हळू आवाजात सांगत होते, एकही चूक न करता: "आता कॉर्नर... घालवला. आता आपल्या अंगावर आल्यात... ऑफसाइड हाय, बगा, मास्तर हसलं." एवढं फुटबॉल मला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. मी त्या पहिल्या शुक्रवारी ज्याला ऑफसाइड समजावत होतो तो हाच माणूस.

"स्कोर क्या है?" मी हळूच विचारलं.

"वन-वन," न्हावी म्हणाला. "फाइव्ह मिनिट, हबीबी. इन्शाल्ला."

बरोबरी. म्हणजे गेलं. तात्यांचा चहा तसाच थंड झाला होता, वर साय धरलेली. ओठ हलत होते. जोतिबाचं नाव असावं.

आणि मग वीसच्या वीस माणसं एकदम उभी राहिली. पठाण खुर्चीवर चढला. न्हाव्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"पेनल्टी," तात्या म्हणाले. "आपली."

पंखा तेवढा फिरत होता. मी गुडघे घट्ट धरून बसलो होतो. खरंच सांगतो, मी प्रयत्न केला. पण मी शेवटी तोच माणूस आहे, ज्याला फ्रीझरमध्ये पडून राहिलेलं मटण बघवलं नाही. मी मान वळवली.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पाव्हणं. बगालाय तुमी?"

"होय तात्या," मी म्हणालो. "माफ करा."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मग आता मी न बगून काय उपेग," ते पुटपुटले, आणि खुर्चीसकट, पाय जमिनीवर घासत, पूर्ण वळले.

अठरा वर्षांनी पहिल्यांदा. मंडळाचा खेळाडू धावत आला, मारला, आणि गोलकीपरनं तो अडवला. अगदी सहज, दोन्ही हातांनी. मनात आलं, आता या माणसाला दोन दिवसांनी विमानतळावर मी कुठल्या तोंडानं सोडायला जाऊ? पण चेंडू कीपरच्या हातात राहिला नाही; छातीवर आपटून परत त्याच खेळाडूच्या पायात आला, आणि त्यानं तो, ना ताकद ना नेम, नुसता ढकलला. आत.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. सुदानी मास्तरानं मला उचललं होतं. मल्याळी काउंटरवर चढून नाचत होता. पठाण मोठमोठ्यानं रडत होता; त्याच्या क्लबचा यात काही संबंध नव्हता, हे त्यानं नंतर सांगितलं. शिट्टी झाली, मंडळ अजिंक्य झालं, आणि पडद्यावर त्या छोट्या गावातली म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती.

तात्या बसून होते. हाताचे तळवे गुडघ्यांवर.

"बगितलं तरी जिकलं," ते म्हणाले.

"जिंकलं तात्या! जिंकलं!"

"न्हवं. बगितलं *तरी* जिकलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता, हिशेब चुकलेल्या माणसाचा गोंधळ होता. "मग इतकी वरसं मी आत काय करत हुतो, पाव्हणं?"

याचं उत्तर कुणाकडे असेल तर कळवा.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. दाजींनी अडीअडचणीला म्हणून एक फोन तात्यांकडे ठेवला होता, तो बंद करून त्यांनी मल्याळ्याकडे चार्जिंगला दिला होता, आणि मल्याळ्यानं तो नाचता नाचता चालू केला होता. स्पीकरवर टाकला. पलीकडून चाळीस माणसांचा एकच गलका, थाळ्यांचा खणखणाट, कुणीतरी हलगीसारखं टेबल बडवत होतं. त्यातून वेल्डरचा आवाज, बसलेला:

"तात्या! तात्या, ऐकू येतंय का? जिकलो! आरं तात्या, तुमच्यामुळं! तुमी न्हाई न्हवं बगितलं? खरं सांगा, कुटं बगितलं न्हाई न्हवं?"

टेबल बडवायचं थांबलं. चाळीस माणसं वाट बघत होती.

तात्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कशासाठी, ते मलाच माहीत नाही.

"न्हाई रं," तात्या म्हणाले. "टीव्हीकडं पाठ करून बसलोय. पाव्हण्यास्नीबी बसवलंय."

तिकडं जो आरडाओरडा झाला तो त्या फोनमधून सगळ्या गल्लीला ऐकू गेला असेल. "तात्या! तात्या! तात्या!" तात्यांनी बाहीनं डोळे पुसले, फोन तोंडाजवळ घेतला आणि घसा खाकरला.

"आरं गप बसा की. मला सांगा तरी, झालं काय? कुनी मारला?"

वेल्डर सांगू लागला. पेनल्टी कशी मिळाली, रेफरीनं हात कसा दाखवला, खेळाडूनं चेंडू कसा ठेवला. तात्या डोळे मिटून ऐकत होते. बरोबर जागी "व्हय?", बरोबर जागी "आगाई गं!"

"आन् मारला त्यानं तात्या," वेल्डर म्हणाला, "आन् कीपरनं आडवला!"

"आडवला?" तात्यांनी घाबरून विचारलं. "मग रं? मग काय झालं?"